पाटीवरची कपबशी

तुमचा विश्वास बसणार नाही, पण माझ्या ब्रशनं एकदा धावती एसटी थांबवली. तेव्हा राजवट बदलून दुकानांवरच्या उर्दू पाट्या उतरत होत्या, मराठी चढत होत्या. येरमाळ्याच्या सडकेवर शांतलिंगाचं हॉटेल गिऱ्हाइकाविना बुडायला आलं होतं. तो म्हणाला, “पेंटरसाब, पाटीवर माझं नाव लई मोठं काढा.” म्हणालो, “येड्या, तहानलेला माणूस नाव वाचत न्हाय, कप बघतो.” पाटीच्या सबंध पत्र्यावर एकच कपबशी काढली, वर पांढरी वाफ, नाव कोपऱ्यात. सकाळी ड्रायव्हरनं वाफ बघून करकचून ब्रेक मारला. प्रवासी उतरून पाटीवरच्या चहावर फुंकर घालू लागले! हॉटेल वाचलं. आजही त्या ऑइलपेंटचा वास नाकात आहे. नातवंडं आ वासून ऐकत असताना चुलीपाशी चहा गाळणारी बायको म्हणाली, “अहो, मोठं नाव तर तुमीच काढत व्हता. रांगोळीवानी कपबशी काढली म्या. तुमी नुसता पत्रा धरला!”