खंडेनवमीची सुट्टी

खंडेनवमीला हत्यारांना कामाला जुंपायचं नसतं, म्हणून प्रमिलाबाईंनी डोंगरावरच्या त्या अजस्र दुर्बिणीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि म्हणाल्या, "आज तुला सुट्टी. मनाला येईल ते बघ."

"मला चंद्र बघायचाय," दुर्बीण म्हणाली.

बाई चपापल्या. चंद्राच्या उजेडात दूरच्या दीर्घिका बुडून जातात, म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवूनच दुर्बिणीने जन्म काढला होता. आणि लेक केतकी भांडून चंद्रावरच्या वसाहतीत राहायला गेल्यापासून बाईंनीही मान वर केली नव्हती.

"भलतंच काय गं!" असं पुटपुटत त्यांनी कॅमेऱ्यावर सर्वांत गडद काच चढवली आणि घुमट उघडला. संध्याकाळच्या आभाळात चंद्र वर आलेलाच होता. दुर्बीण सावकाश वळली आणि चंद्रावर स्थिरावली.

"तुम्ही उचलत नाही तो फोन तिथूनच येतो ना?"

बाईंनी पदराने डोळे टिपले.

"मी रोज अब्जावधी प्रकाशवर्षं लांब बघते, बाई," दुर्बीण म्हणाली. "ही पोर तर उंबऱ्यात उभी आहे. आत बोलवा की तिला!"