मिक्सरचं कुलूप

मिक्सरच्या ड्रममध्ये उतरणाऱ्यानं आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, हा कारखान्याचा नियम. सकाळी ऑपरेटर कुलूप विसरला, तेव्हा फोरमननं त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि सगळ्यांदेखत कानाखाली दोन वाजवल्या. ओठ फुटला, शर्टावर रक्त सांडलं.

"खिमा झाला असता तुझा! तुझ्या बायकोला काय पिशवीत भरून देऊ?"

दुपारी मिक्सरचं पातं अडकलं. फोरमन शिव्या घालत, पाना घेऊन स्वतःच ड्रममध्ये उतरला. ऑपरेटरची नजर मेन स्विचवर गेली. स्विच बंद होता, पण कुलूप नव्हतं. आजूबाजूला चिटपाखरूही नव्हतं.

आतून आवाज आला, "कुठं मेलास रे? बॅटरी आण!"

ऑपरेटरनं फुटलेल्या ओठावरून जीभ फिरवली. सकाळपासून डोक्यात नुसता जाळ होता. त्याचा हात स्विचच्या दांड्यापर्यंत गेला.

&nbsp;

त्यानं आपलं कुलूप स्विचला घातलं, किल्ली खिशात टाकली आणि बाह्या सरसावत, त्या दोन थपडा परत करायला ड्रममध्ये उतरला.