बारावे कार्ड

कार्डावरची शाई अजून ओली होती. अक्षर नेहमीसारखे टपोरे, वेलांट्या एका मापाच्या. फक्त तारीख दोन वर्षांपूर्वीची. शब्द: भान. व्युत्पत्ती: संस्कृत धातू भा, म्हणजे प्रकाशणे. आधी उजेड, मग दिसणे, मग दिसल्याची मनातली जाणीव. एकही चूक नव्हती.

सहायक संपादिकेने कार्ड उचलले. याच शब्दाचे हे बारावे. पहिले केव्हाच छापखान्यात गेले होते. मधली दहा तिच्या खणात होती, जुन्या मुद्रितांखाली. शब्दकोशाचे काम 'म'वर येऊन चार महिने झाले होते. मुख्य संपादक मात्र दर आठ-दहा दिवसांनी 'भान'पाशी परत येत. शब्दकोश मंडळाला हे कळले तर त्यांची एकतीस वर्षांची खुर्ची एका बैठकीत जाईल, याची तिला कल्पना होती. म्हणून सांगणे ती आजचे उद्यावर ढकलत आली होती.

"कार्डांना पाय फुटलेत का हो, बाई?" मुख्य संपादकांनी टेबलापलीकडून विचारले. "परवा लिहिलेलं एक सापडत नाही."

"शिपायाने उचललं असेल, सर."

"त्या बिचाऱ्याला कशाला गोवता? तो रद्दी उचलतानाही तीनदा विचारतो."

टंकलेखिका खुदकन हसली. कचेरीत ते 'सर' आणि ती 'बाई'. घरचे नाते उंबऱ्याच्या आत, हा नियम त्यांनीच पहिल्या दिवशी घालून दिला होता. सोळा वर्षांत बाप-लेकीने तो एकदाही मोडला नव्हता.

सवयीप्रमाणे ती कार्ड वहीत सरकवू लागली, आणि थांबली. शब्दाच्या वापराचे उदाहरण दर वेळी एकच असे. आज त्याखाली दुसरे होते.

'मी तेच ते लिहितो आणि लेक ते लपवते, एवढे भान मला अजून आहे.'

तिने वर पाहिले. त्यांनी पेनाला टोपण लावले होते. हात मांडीवर होते.

ती उठली. त्यांच्यापुढचा कोऱ्या कार्डांचा गठ्ठा उचलून तिने आपल्या टेबलावर ठेवला. टंकलेखिकेची बोटे थांबली.

"बाबा," ती साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मंडळाला मी आजच सांगते. इथून पुढचं मी लिहीन."