सगळ्यात पुढे

“बाबा, तुम्ही पुढे व्हा,” मुलगी म्हणाली आणि पाण्याची बाटली उगाचच उघडून पुन्हा बंद केली.

दरवर्षी एकदा मिळून खिंड ओलांडणाऱ्या या मंडळींचा नियम साधा होता. खिंडीच्या चढणीवर सगळ्यात सावकाश चालणाऱ्याने सगळ्यात पुढे राहायचं, आणि त्याला कुणी ओलांडायचं नाही. इतकी वर्षं ती जागा आईची होती. आई गेल्या हिवाळ्यात गेली. आज सकाळपासून बाबा सारखे मागे पडत होते, तेव्हा त्यांना तिथे उभं करण्यावाचून इलाज नव्हता. पण म्हणजे माणूस म्हातारा झाला हे चारचौघांत जाहीर करणंच की ते!  बाबांनी मान हलवली आणि गेले पुढे.

एरवी मुलगी रांगेच्या शेपटाला असायची, रेंगाळणाऱ्यांना हाकत. आज ते काम दुसऱ्यावर सोपवून ती बाबांच्या पाठोपाठ निघाली. तिच्यामागे बेकरीवाले काका, मग पोस्टातल्या बाई, मग बाकीचे. पोस्टातल्या बाईंना सगळे रेडिओ म्हणत. आज रेडिओही बंद होता.

पहिल्या वळणावर बाबा थांबले. सगळे थांबले. जरा चालून एका सपाट दगडापाशी पुन्हा थांबले.  खिंड ओलांडली की सांगून टाकायचं, असं मुलीने मनाशी ठरवलं होतं: बाबा, आता पुरे, पुढच्या वर्षी तुम्ही घरीच राहा. सांगायला दुसरं होतं कोण? एकुलती एक म्हटल्यावर ते तिच्याच गळ्यात येणार. आई गेल्यापासून बाबा कशाची म्हणून वाट बघत नव्हते. बघितली ती या एका दिवसाची, आणि तोही तीच काढून घेणार होती.

“खालून ढग चढतायत गं,” बेकरीवाले काका हळूच म्हणाले. “या चालीने वरती अडकू आपण.”

“दिसतंय मला, काका.”

“नाही, मी आपलं म्हटलं.”

खिंड हाताशी आली आणि बाबा पुन्हा उभे. आता मात्र तिला राहवेना. धापा टाकत ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि चढण लागल्यापासून पहिल्यांदा तिने त्यांचं तोंड बघितलं. कपाळ कोरडं होतं. श्वास अगदी शांत चालला होता.

“दम लागला का, बाबा?”

“मला? छे.”

“मग सारखे थांबताय कशाला?”

काय विचारतेय ही, अशा नजरेने बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “तुझी आई थांबायची ना इथे.”

“इथे? मला कसं नाही कळलं कधी?”

“तू मागे असायचीस. आणि तिला दम लागला तरी सांगेल तर शपथ! वळायची आणि म्हणायची, बघा तरी खाली किती छान दिसतंय. मग सगळे बसायचे बघत, तेवढ्यात ती श्वास घ्यायची.” बाबा जरासे हसले. “मी ठरवून नाही थांबत गं. पाय थांबतात.”

मुलीला एकदम भरून आलं. म्हणजे सकाळपासून हा माणूस आईच्या चालीने चालत होता, आणि ती त्याला म्हातारा ठरवून मोकळी झाली होती.

“काय झालं गं?” मागून बेकरीवाल्या काकांनी हाक दिली. “बाबांना बरं वाटत नाही का?”

तिने डोळे पुसले आणि रांगेकडे वळली.

“काही नाही, काका. बघा तरी खाली किती छान दिसतंय.”

खाली ढगाशिवाय काहीसुद्धा नव्हतं. एकेक करून सगळे वळले आणि बघत उभे राहिले.