बुडलेल्या देवाचा कौल

लातूर जिल्हा नवा झाला, दुष्काळ मात्र जुनाच राहिला. देवळामागं देवाच्या जमिनीत गावानं मिळून लावलेली द्राक्षाची रोपं माना टाकायला लागली. अर्ध्या ओळी अनाब-ए-शाहीच्या, अर्ध्या थॉमसनच्या. उरल्यासुरल्या पाण्यावर जगला तर एकच वाण जगणार होता. देऊळ झाडणाऱ्या नीलम्माला अनाब हवं होतं, पण बायांना विचारतंय कोण? गडीमाणसं आठवडाभर भांडली. शेवटी मलप्पा पाटील म्हणाला, "महादेवालाच कौल लावू."

गाभाऱ्यात बघतात तर महादेव पाण्याखाली. पाऊस पडावा म्हणून गावानंच मोरीला बोळा लावून, घरोघरच्या घागरी ओतून त्याला बुडवून ठेवलेला. आता कौलाचं फूल चिकटवायचं कुठं?

"नीलम्माक्का, तेवढा बोळा काढा," पाटील म्हणाला.

नीलम्मानं बोळा काढला आणि खोरं घेऊन मागच्या बाजूला गेली. पिंड उघडी पडली. पाटलानं फूल लावलं; उजवीकडं पडलं तर थॉमसन, डावीकडं पडलं तर अनाब. सगळे हात जोडून ताटकळले. फूल उजवीकडं पडलं.

"थॉमसन!" पाटील ओरडला.

नीलम्मा चिखलाच्या पायांनी दारात आली. "देवाला म्हणावं, अजून एकडाव इचार कर. त्याच्या अंघोळीचं समदं पाणी मी अनाबला पाजलंय."