इंजिनाचा कौल

"मानूस आजवर जिमिनीवर चालला. आता मिरजगाव आभाळात चालंल!" भैरवनाथाच्या गाभाऱ्यासमोर उभा राहून गहिनीनाथ सुतार गरजला आणि लगेच पोट धरून खाली बसला. 

लोकांना वाटलं, नमस्काराला बसला.

देवळामागच्या खळ्यावर त्याचं विमान उभं होतं. यंदा पाऊस नाही, पीक नाही, म्हणून खळं रिकामंच होतं. बांबूचा सांगाडा, सायकलची चाकं, पंखांवर कांजी दिलेलं मांजरपाट. एका जुन्या मासिकातलं चित्र बघून त्यानं ते बांधलं होतं. बांधताना भीती वाटली नव्हती. जन्मभर त्यानं बैलगाड्या बांधल्या, आणि गाडी बांधणाऱ्याला कुणी बैल व्हायला सांगत नाही. विमानाचं तसं नसतं, हे त्याला चावडीवर कळलं. "पहिलं कोन बसनार?" असं कुणीतरी विचारलं, सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून "मीच की!" निघून गेलं. हे तोंड त्याला पूर्वीही नडलं होतं, पण इतक्या उंचीवरून नव्हे.

आता फक्त इंजिन बसवायचं राहिलं होतं. इंजिनं दोन होती. नगरचा अजीज मिस्त्री फटफटीचं इंजिन घेऊन आला होता. सहादेव पाटलांनी विहिरीवरचं ऑईल इंजिन देऊ केलं होतं. विहीर आटल्यापासून ते नुसतंच बसून होतं, आणि जागचं हलवायला चार गडी लागत.

"ह्या इंजानावर म्हस बी उडंल, गहिनीभाऊ," अजीज फटफटीच्या इंजिनावर थाप मारून म्हणाला होता. "पाटलांचं लावाल तर इमान उडायचं ऱ्हायलं, भुईत रुतंल."

ते ऐकल्यापासून पाटलांच्या इंजिनावर गहिनीनाथाचा जीव जडला. मजबुती बघा, वजन बघा, आवाज बघा, असं तो ज्याला त्याला सांगू लागला. पण गावाला विमान वर जाताना बघायचं होतं, आणि पाटलांना नाही म्हणायचीही सोय नव्हती. अशा वेळी गाव जे करतं तेच ठरलं. नाथाला कौल लावायचा. बन्सी गुरव देवाच्या दोन खांद्यांवर दोन ओली फुलं चिकटवणार. उजवं फटफटीचं, डावं पाटलांचं. आधी पडेल ते इंजिन देवानं दिलं.

गहिनीनाथाची देवावर श्रद्धा होती. पण स्वतःच्या जिवाचा मामला सगळाच देवावर टाकणं त्याला बरं दिसेना. उजाडता उजाडता, गुरव पाण्याला गेलेला बघून, तो गाभाऱ्यात शिरला आणि देवाच्या उजव्या खांद्यावर पातळ गुळाचं बोट फिरवून आला. शेंदरात गूळ दिसतही नव्हता.

गुरवानं फुलं लावली. गाव श्वास रोखून बसलं. डावं फूल पडायला हवं होतं.

पडेना.

बायकांच्या कडेवरची पोरं रडून झोपली. म्हातारे खोकून गप्प झाले. फूल पडेना. "पाड, नाथा," गहिनीनाथ ओठातल्या ओठात म्हणत होता, "डावं पाड." एवढ्यात वाऱ्यानं उजव्या फुलाची पाकळी हलली आणि त्याच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. खाली मिरजगाव. गावात त्याचं घर. अंगणात गोवऱ्या थापणारी रतनबाई, त्याची बायको. आणि ती भराभर मोठी मोठी होत चाललेली.

मग त्याला मुंगी दिसली. पाठोपाठ दुसरी. उजव्या खांद्याकडे मुंग्यांची रांगच लागली. गहिनीनाथाच्या तोंडचं पाणी पळालं. देवाला फसवलं म्हणून गाव आता जिवंत सोडणार नव्हतं. त्यापेक्षा विमान बरं. त्यानं चोरून गुरवाकडे पाहिलं. बन्सी गुरवाची नजर रांगेवरच होती. ती हळूहळू उजव्या खांद्यापर्यंत चढली, तिथून डाव्या खांद्यावर गेली आणि तिथेच थांबली.

डाव्या खांद्यावर मुंग्या जास्त होत्या.

बन्सीचा जन्म देवळात गेला होता. त्यानं उपरण्यानं देवाचे दोन्ही खांदे पुसले, फुलं मुठीत घेतली आणि गावाकडे तोंड केलं.

"द्येवाला दोनी इंजानं नामंजूर हायती. घरी जावा."

गाव हळहळत उठलं. पाटलांचा चेहरा पडला. अजीज मात्र मान डोलावत म्हणाला, "भाऊ, तुमच्या नाथाला मिस्त्रीकामातलं लई कळतं बरं का."

घराकडे जाताना रतनबाई नेहमीसारखी दोन पावलं मागं होती. गहिनीनाथानं मागं न बघता विचारलं, "उजव्या खांद्याला मी लावला गूळ. डाव्याला कुनी लावला असंल गं?"

"मी."

तो थांबला.

"देवळात झाडलोट करताना लावला," ती म्हणाली. "अवं, पाटलांचं इंजान म्हंजी धोंडाच की. धोंड्यावानी खाली आला असता. त्ये दुसरं हलकं हाय; पानावानी तरंगत तरी आला असता."

त्याला वाचवायला तिनं त्याला आभाळात धाडलं होतं. 

"तुला कवापास्नं भ्या वाटत हुतं?"

"तुमी 'मीच की' म्हनला तवापास्नं."

"मला बी," तो म्हणाला. एवढ्या दिवसांत हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

 पदरानं डोळे पुसून रतनबाईनं वळून खळ्याकडे, विमानाकडे, नीट निरखून पाहिलं.

"मंग म्या काय म्हंते," ती म्हणाली, "आपली कोंबडी खुडूक झालीय. त्येच्यात अंड्यावर बसवू का?"