हात पोचेल तिथपर्यंत

फरशीवाल्याने बाल्कनीच्या कठड्यावरून वाकून बाहेरच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. टणक आवाज आला. शेजारच्या टाइलवर केलं. तिथेही टणक. त्याने मान हलवली, पण समाधान झाल्यासारखी नाही.

आत, नवव्या मजल्यावरच्या त्या कोऱ्या घरात, त्याची मुलगी खिडकीच्या कट्ट्यावर बसून ताब्याचे कागद वाचत होती. जावई एकेक नळ सोडून बघत होता. तरुण साइट इंजिनिअर हातात पेन घेऊन शेजारी उभा होता.

"बाबा, झालं का?" जावई बाथरूममधून म्हणाला. "लग्नाआधी मलाही असंच वाजवून पाहिलं होतं का तुम्ही?"

"तेव्हा राहून गेलं," फरशीवाला म्हणाला. मुलगी हसली.

तीस वर्षं त्याने टाइल्स बसवल्या होत्या. गुडघे गेले तेव्हा थापी खाली ठेवली. कान मात्र शाबूत होते. तो आत आला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काचा पुसणाऱ्यांनी विसरलेली लांब दांडी उचलली आणि पुन्हा बाल्कनीत गेला.

"काका, फार वाकू नका," इंजिनिअर म्हणाला.

दांडीच्या टोकाने त्याने लांबच्या टाइलवर ठोकलं. बद्द. त्याच्या पलीकडच्या टाइलवर ठोकलं. बद्द. रिकामा डबा वाजावा तसं. मग तो झोपायच्या खोलीच्या खिडकीशी गेला, तिथून स्वयंपाकघराच्या. सगळीकडे तेच. हाताजवळच्या टाइल्स टणक, दांडीने गाठलेल्या पोकळ.

"सही थांबव जरा," तो मुलीला म्हणाला.

जावई हात पुसत बाहेर आला. "आता काय झालं?"

"हात पोचेल तिथपर्यंत भिंत चांगली आहे. पुढची नाही."

"काका, बाहेरच्या टाइल्सची तपासणी झालीय," इंजिनिअर शांतपणे म्हणाला. "फाइलमध्ये रिपोर्ट आहे."

"तपासणाऱ्याने गच्चीवरून माणूस उभा राहायचा झुला सोडला होता?"

इंजिनिअरने फाइल चाळली. "प्रत्येक बाल्कनीतून आणि प्रत्येक खिडकीतून तपासल्यात."

"तेच म्हणतोय मी."

"बाबा," जावयाने आवाज खाली आणला, "खालच्या मजल्यावर माणसं राहायला आलीत. पडदे लागलेत. महिनाअखेरीला आपल्याला भाड्याचं घर सोडायचंय. आता एका आवाजावरून..."

"आणि थोडी पोकळ वाजली म्हणजे टाइल पडतेच असं नाही," इंजिनिअरने धागा उचलला.

"लगेच नाही पडत. चार उन्हाळे, चार पावसाळे जातात. तोवर तुमची साइट बदललेली असते."

"मागे पूर्ण सिमेंटचा माल भरलाय, काका."

"एक उकलून दाखवा."

"तशी परवानगी नाही."

"मग मी सांगतो मागे काय आहे ते. चार कोपऱ्यांना मालाचे चार गोळे, मधे एक. बाकी हवा. अकरा किलोची टाइल तेवढ्यावर उभी. माल वाचतो आणि दिवसाला दुप्पट काम निघतं."

"न बघता कसं सांगता तुम्ही?"

फरशीवाल्याने दांडी भिंतीला टेकवली. ती घसरली, पुन्हा नीट टेकवली.

"गिऱ्हाईक खिडकीतून वाजवून बघतं, हे मुकादमाला माहीत असायचं. तो सांगायचा, खिडकीपाशी पूर्ण भर, बाकीचं गोळ्यांवर जाऊ दे." त्याने बोटांची धूळ झटकली. "आम्ही तसंच करायचो."

बाथरूममधला एक नळ अजून वाहत होता. जावई जाऊन तो बंद करून आला.

"या भिंतीच्या बरोबर खाली काय येतं?" मुलीने इंजिनिअरला विचारलं.

"इमारतीचा येण्याजाण्याचा दरवाजा."

तिने कागद मांडीवर घेतला. तक्रारींच्या रकान्यात जावयाने 'बेसिनचा नळ गळतो' एवढंच लिहिलं होतं. त्याखाली तिने इंजिनिअरचं पेन घेऊन सावकाश लिहिलं, बाहेरच्या सगळ्या टाइल्स झुल्यावरून तपासून द्याव्यात, तोवर ताबा घेणार नाही. खाली सही केली आणि कागद पुढे केला.

इंजिनिअरने तो लगेच घेतला नाही. नवरा-बायको पुढे दाराकडे गेल्यावर तो फरशीवाल्याजवळ आला.

"काका, मी इथे चार महिन्यांपूर्वी आलोय. तेव्हा परांच्या उतरल्या होत्या. मला जे दाखवलं ते मी पाहिलं."

"बरोबर आहे," फरशीवाला म्हणाला. "आता दांडी आहे तुमच्याकडे."

खाली उतरल्यावर दरवाजातून बाहेर पडताच त्याने मुलीचं कोपर धरलं आणि तिला भरभर रस्त्याच्या मध्यावर नेलं. गुडघ्यांची तक्रार करणारा हा माणूस एवढा झपझप चालू शकतो, हे जावयाला आजच कळत होतं. तोही पावलं उचलत त्यांच्या मागे आला. तिथून तिघांनी वर पाहिलं. फिकट रंगाच्या टाइल्स उन्हात चमकत होत्या. एक रेष वाकडी नव्हती.

"बाबा," मुलीने विचारलं, "तुम्ही बसवलेल्या पडल्या का हो कधी?"

फरशीवाला वरच बघत राहिला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "त्या रस्त्यांनी मी जात नाही."